समुपदेशनात पीएचडी करावी का? (या क्षेत्रातल्यांनी जरूर लिहा)

अबोली_

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एम.ए. करून, पुढे समुपदेशनाचं प्रशिक्षण घेऊन बरीच वर्षं पूर्णवेळ समुपदेशक म्हणून काम करते आहे. परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलं येतात, नोकरीत पोळलेली माणसं येतात, घटस्फोटाच्या उंबरठ्यावरची जोडपी येतात. कामावर माझं मनापासून प्रेम आहे.

गेली दोन-तीन वर्षं डॉक्टरेट करण्याचा विचार मनात घोळतोय. त्यामागे एक प्रश्न आहे. पहिल्या सेशनला आलेला माणूस तासभर मोकळेपणाने बोलतो, मध्येच रडतो, जाताना पुढची वेळ ठरवून जातो आणि पुन्हा येतच नाही. फोन केला तर ‘कळवते’ म्हणतात. यातल्या काही जणांचं पुढे काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. माझं काही चुकतं का, त्यांना जे हवं होतं ते मिळालं म्हणून येत नाहीत का, की आणखी काही? यावर नीट अभ्यास करावा असं वाटतं. शिवाय पुढे शिकवायलाही आवडेल.

माझे प्रश्न असे: पीएचडी करायची की दुसरी एखादी डॉक्टरेट? काम सांभाळून जमतं का? माझ्याच क्लायंटच्या नोंदी संशोधनाला वापरता येतील का? आणि वय चाळिशीकडे झुकलंय, उशीर झालाय का?

निरंजन७

मी या क्षेत्रातला नाही, पण बायको समुपदेशक आहे म्हणून धागा वाचतोय. डॉक्टरेट झाल्यावर परवाना किंवा नोंदणी वरच्या दर्जाची मिळते का? मला वाटायचं की हाच मुख्य फायदा असणार.

पाऊलवाट

अबोली, मी अमेरिकेत एका विद्यापीठात समुपदेशकांना शिकवते, तेव्हा तिथलं खात्रीने सांगू शकते.

निरंजन, तुमचा प्रश्न आधी घेते, कारण याच गैरसमजातून खूप जण प्रवेश घेतात. अमेरिकेत समुपदेशकाचा परवाना मास्टर्सवर मिळतो. असा कायदा सर्वांत आधी व्हर्जिनियाने १९७६ मध्ये केला आणि सगळ्यात शेवटी कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये. डॉक्टरेट केली म्हणून परवान्याची वेगळी पायरी चढता येत नाही. आज तुम्ही ज्या खुर्चीत बसून क्लायंट बघता, त्याच खुर्चीत डॉक्टरेटनंतरही बसाल.

आता वाटा. समुपदेशन शिक्षण आणि सुपरव्हिजन (म्हणजे दुसऱ्या समुपदेशकाच्या कामावर देखरेख) या विषयातली पीएचडी ही समुपदेशकांची आपली डॉक्टरेट. १९८१ पासून काम करणारी कॅक्रेप ही संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या मानकांप्रमाणे यात पाच गोष्टी येतात: प्रत्यक्ष समुपदेशन, सुपरव्हिजन, अध्यापन, संशोधन, आणि नेतृत्व व क्लायंटच्या आणि व्यवसायाच्या बाजूने आवाज उठवणं. मास्टर्सनंतर किमान ४८ क्रेडिट आणि ६०० तासांची इंटर्नशिप. ही इंटर्नशिप फक्त क्लायंट बघण्याची नसते, शिकवणं आणि दुसऱ्याच्या कामावर देखरेख ठेवणं हेही तिच्यात मोजतात. कॅक्रेपची मान्यता असलेल्या मास्टर्सला कायमस्वरूपी शिकवायचं असेल तर हीच पदवी लागते, म्हणून शिकवायची ओढ असणाऱ्यांनी हिच्याकडे बघावं.

दुसरी वाट समुपदेशन मानसशास्त्रातल्या पीएचडीची. नाव जवळजवळ सारखं, पण हा रस्ता मानसशास्त्रज्ञाच्या परवान्याकडे जातो, मान्यता एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) असते आणि शेवटी पूर्ण वर्षभराची इंटर्नशिप करावी लागते. त्यासाठी देशभर अर्ज करायचे आणि जिथे जुळेल तिथे बिऱ्हाड हलवायचं, अशी तयारी ठेवावी लागते.

तिसरी साय.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी. १९४९ मध्ये बोल्डरच्या परिषदेत ठरलं होतं की मानसशास्त्रज्ञ आधी संशोधक आणि सोबतच उपचार करणारा असावा. पुढे अनेकांना वाटू लागलं की सगळ्यांनाच संशोधक व्हायचं नसतं. इलिनॉय विद्यापीठाने १९६८ मध्ये पहिला साय.डी. अभ्यासक्रम सुरू केला आणि १९७३ मध्ये व्हेल या गावी झालेल्या परिषदेने या विचाराला मान्यता दिली. साय.डी.त भर उपचारांवर असतो. पीएचडीच्या चांगल्या जागांना फीमाफी आणि विद्यावेतन मिळतं, साय.डी.ला ते फार कमी ठिकाणी मिळतं. अर्ज करण्याआधी हे नक्की विचारा.

अबोली, तुझ्या चार प्रश्नांपैकी वयाचा प्रश्न मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. माझ्या वर्गात दहा वर्षं काम करून आलेले विद्यार्थी असतात आणि त्यांचे प्रश्न खरे असतात.

मधुमालती

भारतातलं चित्र मी सांगते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे.

इथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि ती परिषदेने मान्य केलेल्या प्रशिक्षणावर होते. मानसशास्त्रातली किंवा समुपदेशनातली पीएचडी केली म्हणून ही नोंदणी मिळत नाही. नावामागे डॉक्टर लागेल, पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येणार नाही. कुणी प्रवेश देताना याच्या उलट सांगत असेल तर सरळ दुसरं दार बघा. समुपदेशकांसाठी २०२१ चा सहबद्ध आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा आलाय. त्याची अंमलबजावणी कशी होते यावर लक्ष ठेवा.

पीएचडीचे नियम यूजीसीच्या २०२२ च्या अधिसूचनेत आहेत. कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. अर्धवेळ पीएचडी करता येते, पण नोकरी करत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरस्थ पीएचडीला परवानगी नाही. ‘घरबसल्या डॉक्टरेट’च्या जाहिराती समुपदेशकांच्या ग्रुपवर सतत फिरतात आणि आपल्यातली चांगली माणसं त्यांना भुलतात, हे बघून फार वाईट वाटतं.

क्लायंटच्या नोंदींबद्दल वेगळं लिहिते, तो विषय मोठा आहे.

अनामिका_र

इंग्लंडमध्ये राहते, म्हणून थोडी भर. इथे ‘काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी कायद्याने राखीव आहे, २००९ पासून त्याची नोंदणी एचसीपीसी या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे असते आणि तिथे पोहोचायची नेहमीची वाट म्हणजे व्यावसायिक डॉक्टरेट. तिच्यात क्लायंटसोबतचं काम आणि प्रबंध दोन्ही असतात. शिवाय विद्यार्थ्याला स्वतः थेरपी घ्यावी लागते. नुसतं ‘काउन्सेलर’ हे नाव मात्र राखीव नाही. म्हणजे निरंजन यांच्या प्रश्नाचं उत्तर देशागणिक बदलतं. ज्या देशात काम करायचंय तिथली नोंदणी करणारी संस्था आधी शोधा, विद्यापीठ नंतर.

धुक्यातला_दिवा

मी थोडं विरुद्ध बोलतो, राग मानू नका. मी मास्टर्सवरच थांबलो आणि व्यवसाय करतो. डॉक्टरेटने माणूस अधिक चांगला समुपदेशक होतो याचा पुरावा मला तरी सापडलेला नाही.

वॅम्पोल्ड आणि ब्राऊन यांनी २००५ मध्ये ५८१ थेरपिस्ट आणि त्यांच्या ६,१४६ क्लायंटच्या नोंदी तपासल्या. थेरपिस्ट बदलला की परिणाम बदलतो, हे खरं निघालं. क्लायंटच्या परिणामांमधल्या फरकाचा साधारण ५ टक्के भाग थेरपिस्ट कोण यावर अवलंबून होता. पण चांगला थेरपिस्ट ओळखायचा कसा? त्याची पदवी, वय, अनुभव यांतून फारसं काहीच कळलं नाही.

गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास तर जास्तच बोलका आहे. १७० थेरपिस्ट, ६,५९१ क्लायंट, आणि तेच थेरपिस्ट वर्षानुवर्षं कसे बदलतात याचा मागोवा. सरासरीने त्यांचे परिणाम काळाबरोबर सुधारले नाहीत, उलट किंचित घसरले. घसरण अगदी बारीक आहे, पण दिशा बघा.

दुसरीकडे क्लायंट आणि समुपदेशक यांच्यातल्या नात्याबद्दल, ज्याला आपण अलायन्स म्हणतो, फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये २९५ अभ्यास एकत्र केले, तीस हजारांहून जास्त क्लायंटचे. नातं चांगलं तर परिणाम चांगला, हे पुन्हा दिसलं. मग पाच वर्षं ग्रंथालयात घालवण्यापेक्षा तीच वर्षं हे नातं जोडायला शिकण्यात घालवलेली काय वाईट?

पाऊलवाट

राग कसला, दिवा. तू दिलेले तिन्ही अभ्यास मी वर्गात शिकवते. पदवीने हात आपोआप कसबी होत नाहीत, यावर आपलं एकमत आहे. पण गोल्डबर्गच्या त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे आणि तो अबोलीच्या प्रश्नाला थेट भिडतो: अनुभव वाढला तसं थेरपिस्टकडून क्लायंट लवकर सोडून जाण्याचं प्रमाण कमी झालं. लक्षणं सुधारण्यात प्रगती नाही, पण माणसं टिकवण्यात आहे. असं का व्हावं? हा प्रश्न उचलून धरायला कुणीतरी लागतं, आणि डॉक्टरेट त्यासाठी असते.

सुपरव्हिजनबद्दलही सांगते, कारण हा भाग बाहेरून दिसतच नाही. डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला मास्टर्सच्या विद्यार्थ्यांचं काम तपासायला शिकवतात. मी आणि माझी विद्यार्थिनी एका खोलीत बसतो आणि तिच्या सेशनची ध्वनिफीत लावतो. पूर्ण तास ऐकत नाही, दहा मिनिटंच ऐकतो. क्लायंट म्हणते, ‘बाबा गेले तेव्हा मी तिथे नव्हते.’ यावर माझी विद्यार्थिनी विचारते, ‘तुमच्या आईची तब्येत आता कशी आहे?’ मी तिथे थांबवते. चूक दाखवत नाही. विचारते, या क्षणी तुझ्या पोटात काय होत होतं? ती गप्प होते, मग म्हणते, मला ते ऐकवत नव्हतं, म्हणून मी आईकडे वळले.

आता मी काय करायचं? शिक्षक होऊन एखादं कौशल्य दाखवायचं, तिच्या अस्वस्थतेजवळ थांबायचं, की सहकाऱ्यासारखं ‘तुला काय वाटतं, पुढच्या वेळी कुठून सुरुवात करावी’ असं विचारायचं? बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरवायझरच्या अशाच तीन भूमिका मांडल्या होत्या. त्यातली कोणती कधी घ्यायची हे शिकायला वर्षं जातात, आणि हे सगळं चालू असताना आपल्यावरही कुणीतरी देखरेख ठेवत असतं. नुसता व्यवसाय करून हे मिळालं असतं का? मला तरी मिळालं नसतं.

धुक्यातला_दिवा

तो लवकर सोडून जाण्याचा निष्कर्ष माझ्या नजरेतून निसटला होता, आता पुन्हा वाचतो. सुपरव्हिजनचा मुद्दा मान्य. पण मग सांगताना असंच सांगूया की शिकवायचं असेल, देखरेख करायची असेल किंवा एखादा प्रश्न मागे लागला असेल तर करा. ‘करिअरमध्ये पुढे जाण्यासाठी’ असं सांगू नका.

पाऊलवाट

शंभर टक्के.

शोधयात्री

अबोली, तुमचा प्रश्न वाचून थांबलोच. मी मानसशास्त्रात संशोधन पद्धती शिकवतो. तुमच्या प्रश्नाचा जरा कस लावू या, कारण डॉक्टरेटचं पहिलं वर्ष यातच जातं.

समुपदेशन मध्येच सोडण्यावर भरपूर काम झालंय. १९९३ मध्ये विर्झबिकी आणि पेकारिक यांनी १२५ अभ्यास एकत्र केले आणि सोडणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ ४७ टक्के काढलं. २०१२ मध्ये स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनी ६६९ अभ्यास आणि ८३,८३४ क्लायंट घेतले, तर आकडा आला १९.७ टक्के. म्हणजे वीस वर्षांत सोडणारे निम्म्याहून कमी झाले, असं समजायचं? इतक्या घाईने नाही. सोडणं कशाला म्हणायचं हे प्रत्येक अभ्यासात वेगळं ठरवलेलं असतं. कुणी ठरावीक सेशन पूर्ण न करणाऱ्याला मोजतं, कुणी शेवटची ठरलेली वेळ चुकवणाऱ्याला, कुणी थेरपिस्टलाच विचारतं की तुमच्या मते काम अर्धवट राहिलं का. स्विफ्ट आणि ग्रीनबर्ग यांनाही दिसलं की व्याख्या बदलली की आकडा हलतो. तरुण क्लायंट जास्त सोडतात आणि शिकाऊ थेरपिस्टकडून जास्त सोडतात, हेही त्यांना दिसलं.

म्हणून पहिलं काम: ‘पुन्हा आला नाही’ म्हणजे काय, ते दोन ओळींत लिहा. पहिल्या सेशननंतर पुढची वेळ ठरवूनही न आलेला, ही एक स्वच्छ व्याख्या आहे. तिसऱ्या सेशननंतर थांबलेला माणूस तुमच्या अभ्यासात नाही. असं काहीतरी सोडून द्यावंच लागतं आणि ते सोडताना जीव खालीवर होतो, कारण आपल्याला सगळ्यांबद्दल जाणून घ्यायचं असतं.

दुसरं. न आलेला माणूस नाराज होऊनच गेला, हे गृहीत धरू नका. १९८० च्या दशकात मोशे टॅलमन यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या आरोग्यसेवेत एकदाच येऊन गेलेल्या आपल्या २०० क्लायंटना स्वतः फोन केले. त्यातल्या ७८ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला जे हवं होतं ते त्या एका भेटीत मिळालं. एका माणसाने स्वतःच्याच क्लायंटना विचारलेलं आहे, तेव्हा समोरच्याने भिडेपोटी बरं बोलण्याची शक्यता सोडता येत नाही. तरीसुद्धा पुढे एकाच सेशनच्या थेरपीवर जे संशोधन उभं राहिलं त्याची सुरुवात इथून झाली. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये ही शक्यता स्वतःहून लिहिलीत, ते मला फार आवडलं.

तिसरं, आपली नजर. हॅनन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये थेरपिस्टना विचारलं, तुमच्या क्लायंटपैकी कुणाची तब्येत उपचार संपेपर्यंत खालावेल असं वाटतं? ५५० क्लायंट होते. थेरपिस्टनी तिघांची नावं घेतली. प्रत्यक्षात ४० जण खालावले. यात थेरपिस्ट बेफिकीर होते असं मुळीच नाही, आशा हा आपल्या कामाचा भागच असतो. पण म्हणूनच ‘तो का आला नाही’ याचं उत्तर समुपदेशकाच्या आठवणीत शोधून चालणार नाही. ते ज्याने सोडलं त्याच्याकडेच जाऊन विचारावं लागेल.

अबोली_

शोधयात्री, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. ५५० पैकी तीन, हा आकडा डोक्यातून जात नाहीये.

मग मी माझ्याच जुन्या क्लायंटना फोन करून विचारू शकते का? नंबर माझ्याकडे आहेत. टॅलमन यांनी तेच केलं ना?

मधुमालती

अबोली, इथे थांब. यावरच लिहायचं राहिलं होतं.

ते नंबर तुला समुपदेशनासाठी दिलेत. ज्या माणसाने एकदा येऊन पुन्हा न येण्याचं ठरवलं, त्याला तू संशोधक म्हणून फोन केलास तर त्याच्या कानावर पडतं: ‘तू का आला नाहीस?’ कितीही गोड आवाजात विचारलं तरी. शिवाय घरच्यांना माहीत नसेल आणि फोन दुसऱ्यानेच उचलला तर? समुपदेशकाकडे गेलो होतो हीच गोष्ट गोपनीय असते, पुढचं बोलणं तर सोडूनच दे.

दुसरी अडचण दुहेरी भूमिकेची. तू त्याची समुपदेशक होतीस. तुला ‘नाही’ म्हणणं त्याला जड जाईल. संशोधनातल्या संमतीला किंमत तेव्हाच असते जेव्हा नकार देणं सोपं असतं. संशोधनातल्या नैतिकतेवरच्या अमेरिकेतल्या बेलमाँट अहवालाने १९७९ मध्ये व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तत्त्वं मांडली, आणि आज कुठलीही एथिक्स कमिटी हाच प्रश्न आधी विचारते: या माणसाला नाही म्हणता येईल का?

मग करायचं कसं? तू जिथे काम करतेस त्या संस्थेपासून वेगळ्या संस्था निवड. पहिल्याच भेटीच्या वेळी, काम सुरू होण्याआधी, तिथल्या लोकांना एक कागद दिला जावा: पुढे कधी एखाद्या संशोधकाने संपर्क केला तर चालेल का, आणि कसा केलेला चालेल, मेसेज की ईमेल. कागद देणारी व्यक्ती समुपदेशक नसावी. जे हो म्हणतील त्यांच्यातल्याच न आलेल्यांना काही महिन्यांनी विचारायचं. नमुना लहान मिळेल, वेळ लागेल, पण मिळालेली संमती खरी असेल.

आणि मुलाखतीत जुनी जखम उघडली तर काय करणार, हे आधी लिहून ठेवावं लागेल. मुलाखत कधी थांबवायची, कुणाकडे पाठवायचं, दुसऱ्या दिवशी चौकशी कोण करणार. कमिटी हे मागतेच. तू समुपदेशक असल्याने मुलाखतीचं रूपांतर नकळत सेशनमध्ये होण्याची शक्यता जास्त, तेव्हा सुपरवायझर हवाच. ‘मी आत्ता ऐकतेय ते संशोधक म्हणून’ हे धरून ठेवणं अनुभवी माणसाला नवख्यापेक्षा कठीण जातं, हे मी जवळून पाहिलंय.

अबोली_

समजलं. माझ्या क्लायंटना फोन करणार नाही. पहिल्या भेटीतच परवानगी मागण्याची कल्पना सुचली नव्हती.

सायली_वाचते

मी सध्या अर्धवेळ पीएचडी करते आहे, समुपदेशनातच. आतून कसं असतं ते लिहू का? कुणी विचारलं नाहीये, पण ‘काम सांभाळून जमतं का’ या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

जमतं, पण दोन्ही कामं एकाच जागेतून उपसा करतात. दिवसभर क्लायंट ऐकल्यावर रात्री मुलाखतींचे ट्रान्स्क्रिप्ट वाचणं म्हणजे परत ऐकणंच. माझा विषय शोकाशी निगडित आहे. एक एक ओळ वाचून समासात कोड लिहायचा: ‘कुणाला सांगितलं नाही’, ‘सगळे जेवायला बसले तेव्हा’, ‘स्वतःवर राग’. मग ते कोड एकमेकांशेजारी ठेवून बघायचे, की यातून काय उभं राहतंय. एका आईचा ट्रान्स्क्रिप्ट मी आठवडाभर उघडूच शकले नाही. माझ्या गाईडने तेव्हा डेडलाइन पुढे ढकलली आणि सांगितलं, जे वाटतंय ते लिहून ठेव, तोही डेटा आहे. तेव्हापासून शेजारी एक वही असते. मुलाखतीत मी कुठे घाईने विषय बदलला, कुठे मला माझंच कुणी आठवलं, हे सगळं त्यात आहे. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणातली बरीच पानं त्या वहीतून आलीत.

मी क्लायंट निम्म्यावर आणले. ते जमणार नसेल तर अर्धवेळ पीएचडी सुरू करू नका असं मी कळकळीने सांगेन. थकलेल्या समुपदेशकाची किंमत क्लायंट मोजतो.

आणि गाईड! विद्यापीठाचं नाव बघून जाऊ नका, गाईड बघून जा. त्यांचे याआधीचे विद्यार्थी वेळेत सुटले का, मसुदा दिला की किती दिवसांत परत येतो, गुणात्मक संशोधनाबद्दल त्यांचं मत काय. काही विभागांत अजूनही मुलाखतींवर आधारलेल्या कामाला दुय्यम मानतात. अशा ठिकाणी पाच वर्षं स्वतःच्या पद्धतीची बाजू मांडण्यातच जातील.

केतकीवन

मी अर्ध्यावर सोडलेली आहे, म्हणून माझाही आवाज इथे असू दे. कोर्सवर्क झालं, सिनॉप्सिस मंजूर झाला, डेटा निम्मा गोळा झाला आणि मी थांबले. आजारपण नव्हतं, घरचा विरोध नव्हता. मला कळलं की मला लोकांसमोर बसायचं आहे, लोकांबद्दल लिहायचं नाहीये. कोर्सवर्कमध्ये जे शिकले, विशेषतः पुरावा कसा वाचायचा, ते रोज वापरते. दर सेशनच्या सुरुवातीला क्लायंटकडून चार प्रश्नांची छोटी पट्टी भरून घेते आणि तिच्याकडे बघून त्यांच्याशी बोलते. ही सवय तिथली.

सोडणाऱ्याला आपल्याकडे अपयशी समजतात, आणि ते समुपदेशकांनी तरी करू नये असं मला वाटतं. अबोली, तुम्हाला प्रश्न आहे, मला नव्हता. मला पदवी हवी होती. फरक इतकाच होता.

निरंजन७

केतकीवन, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बायकोला धागा वाचायला दिला. ती म्हणाली, तिला सुपरव्हिजनचं प्रशिक्षण हवंय, प्रबंध नकोय. असा मधला मार्ग असतो का?

पाऊलवाट

असतो. सुपरव्हिजनची स्वतंत्र प्रमाणपत्रं आणि प्रशिक्षणं अनेक ठिकाणी मिळतात. घेताना एकच बघावं: प्रत्यक्ष कुणाचं तरी काम ऐकून, त्यावर देखरेख करून, त्या देखरेखीवर पुन्हा कुणी बोलणारं आहे का. नुसती व्याख्यानं असतील तर उपयोग थोडा.

अबोली_

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतात. काल रात्री बसून प्रश्न लिहून काढला, शोधयात्री यांनी सांगितल्याप्रमाणे दोन ओळींत:

‘पहिल्या सेशननंतर पुढची वेळ ठरवूनही न आलेल्या प्रौढ व्यक्ती त्या एका भेटीकडे आणि न येण्याच्या निर्णयाकडे कसं बघतात?’

पीएचडीच करायची, अर्धवेळ, आणि क्लायंट कमी करून. हे ठरलं. बघा, प्रश्न बरा आहे का.

शोधयात्री

बरा नाही, चांगला आहे. ‘का आले नाहीत’ वरून ‘कसं बघतात’ वर आलात, यामुळे माणसाला जाब विचारल्यासारखं वाटणार नाही. दोन सूचना. ‘निर्णय’ काढून टाका. काही जणांनी निर्णय घेतलाच नसेल, दिवस गेले आणि राहून गेलं असेल. तुमचं वाक्यच त्यांना वगळून टाकेल. आणि संपर्क भेटीनंतर किती महिन्यांनी करणार ते आत्ताच ठरवा. फार लवकर केला तर फोन आठवण करून देणारा वाटेल, फार उशिरा केला तर भेट आठवणार नाही.

आता गाईड शोधताना हा प्रश्न आणि मधुमालती यांनी सांगितलेली संमतीची पद्धत एका पानावर लिहून न्या. त्या पानावर गाईड पहिला प्रश्न काय विचारतात ते ऐका. नमुना किती मोठा, असं विचारलं तर एक गोष्ट कळेल, आणि ही माणसं भेटणार कशी, असं विचारलं तर दुसरी.

सायली_वाचते

आणि त्यांच्या एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याला गाईड समोर नसताना भेट. मला निरोप कर, मी माझ्या विभागातल्या दोघींशी बोलणं करून देते.